डीबी ६०५ चा पिस्टन घेऊ का? आधी तो कुठून आला ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नोकरीनिमित्त तुम्ही पुण्याहून स्टुटगार्टला आलात. इथल्या शनिवारच्या जुन्या बाजारात एकाकडे कनेक्टिंग रॉडसकट एक पिस्टन दिसला. विकणारा म्हणतो, मेसरश्मिट १०९ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाच्या डीबी ६०५ (डीबी म्हणजे डाइमलर-बेंझ) इंजिनाचा आहे, इथल्या श्वेबिश आल्ब या डोंगराळ भागातल्या जंगलात मिळाला, १८० युरो द्या. तो खरा आहे का, किंमत बरोबर आहे का, घरी साफ कसा करायचा आणि पुण्याला नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या ओळीत हेही विचारलंय की स्वतःच मेटल डिटेक्टर घेऊन जंगलात गेलं तर असे भाग मिळतील का.

मी याच भागात जुन्या इंजिनांच्या दुरुस्तीचं आणि जतनाचं काम करतो. विमानांच्या इंजिनांचे सुटे भाग माझ्याकडे सतत येतात, काही संग्राहकांचे, काही छोट्या संग्रहालयांचे. त्या अनुभवावरून सांगतो.

‘खरा आहे का’ हा प्रश्न तुम्हाला सगळ्यात मोठा वाटतोय, पण खरं तर तोच सगळ्यात सोपा आहे. व्हर्नियर, भिंग आणि टॉर्च जवळ असेल तर अर्ध्या तासात त्याचा निकाल लागतो. अवघड प्रश्न वेगळाच आहे: हा पिस्टन त्या टेबलावर आला कुठून? साफ कसा करायचा, विकत घेणं कायद्यात बसतं का, किती पैसे मोजावेत, नेताना कोणते कागद लागतील, या सगळ्याची उत्तरं तिथूनच निघतात.

जुन्या जर्मन विमान इंजिनांचे भाग आज ढोबळमानाने चार वाटांनी बाजारात येतात. पहिली वाट म्हणजे विमान कोसळलं ती जागा. विमान नाकावर कोसळलं की इंजिन सगळ्यात जड म्हणून कित्येक फूट जमिनीत शिरायचं. वर पडलेला पत्रा त्याच काळात गोळा करून वितळवायला जायचा, इंजिन मात्र खाली तसंच राहायचं. त्यामुळे खोदकामातून निघणाऱ्या मालात इंजिनाचे तुकडे जास्त असतात. दुसरी वाट पाण्याची: तळी, समुद्र. तिसरी म्हणजे डेपोतला किंवा कारखान्यातला न वापरलेला माल. युद्ध संपल्यावर तो शेतकऱ्यांच्या कोठारांत, गॅरेजांत पडून राहिला, कधीकधी मूळच्या ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला. चौथी वाट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे परदेशात बनलेली ‘जर्मन’ इंजिनं. स्वीडनमध्ये स्वेन्स्का फ्लिगमोटरने डीबी ६०५ परवान्यावर बनवलं आणि ते साब २१ मध्ये बसवलं. ती विमानं युद्धानंतरही स्वीडिश हवाई दलात उडत होती. इटलीत फियाटने डीबी ६०५ आणि आल्फा रोमिओने त्याआधीचं डीबी ६०१ बनवलं. जपानमध्ये आइची आणि कावासाकी या दोघांनी डीबी ६०१ वरून आपापली इंजिनं काढली. चेकोस्लोव्हाकियात तर युद्धानंतर १०९ च्या सांगाड्यात युंकर्स कंपनीचं युमो २११ इंजिन बसवून एव्हिया एस-१९९ हे विमान केलं गेलं. एखादा भाग अगदी स्वच्छ, घासलेला नसताना नीट, आणि शिक्के ओळखीचे नाहीत असं दिसलं की मी आधी स्वीडनचा विचार करतो. अशा मालाचा इतिहास बऱ्याचदा सरळ असतो: सेवेतून निवृत्त झालेलं इंजिन, लिलाव, मग संग्राहक.

आता तुमचा पिस्टन. तुम्ही लिहिलंय की तो आरशासारखा चकचकीत आहे. इथेच मला विक्रेत्याची गोष्ट जुळत नाही. ऐंशी वर्षं मातीत पडलेला अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन चकचकीत नसतो. त्यावर पांढरट भुकटी धरते आणि तिच्याखाली खड्डे पडतात. लोखंडी रिंगा गंजून फुगतात आणि खाचांतच घट्ट बसतात. पिस्टन आणि रॉड जोडणारी गजन पिन सहसा जागची हलत नाही. रॉड तर पोलादाचा, त्याची अवस्था याहून वाईट. म्हणजे दोनच शक्यता उरतात. एकतर हा पिस्टन कधी जमिनीत नव्हताच आणि जंगलाची गोष्ट गिऱ्हाइकासाठी रचलेली आहे. किंवा तो खरंच जमिनीतून निघाला आणि कोणीतरी त्याला मशीनवर बफिंग करून पूर्ण सोलून काढलाय. भिंगातून तीन जागा बघा: रिंगच्या खाचांचा तळ, तेलाच्या भोकांच्या कडा आणि ठोकलेले आकडे. बफिंगचं चाक खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिथे जुने खड्डे दिसतात. भोकांच्या कडा गोल झालेल्या असतात. आकडे एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला पुसट होत गेलेले असतात. हे तिन्ही दिसलं तर माल जमिनीतला आहे आणि त्याच्यावरची निम्मी माहिती घासून गेली आहे.

इंजिन कोणतं हे ठरवायला बहुतेक जण व्यास मोजतात आणि तिथेच थांबतात. मोजायचं जरूर, पण नुसत्या व्यासावर विसंबू नका. गजन पिनच्या काटकोनात, पिस्टनच्या खालच्या भागात मोजा. वरचा भाग मुद्दाम थोडा लहान ठेवलेला असतो, कारण तो जास्त तापतो आणि फुगतो. पिस्टन सिलिंडरच्या बोअरपेक्षा काही दशांश मिलिमीटर लहान असणार हेही धरा. डीबी ६०५ चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १५४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर) १६० मिमी. पण ब्रामो ३२३ या नऊ सिलिंडरच्या रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेल्या) इंजिनाचाही बोअर १५४ आणि स्ट्रोक १६० च आहे. डीबी ६०१ चा बोअर १५० मिमी, आणि युमो २११ आणि २१३ यांचाही तोच. बीएमडब्ल्यू ८०१ चा बोअर १५६ मिमी, तर प्रॅट अँड व्हिटनीच्या हॉर्नेट इंजिनाच्या परवान्यावरून आलेल्या बीएमडब्ल्यू १३२ चा १५५.५ मिमी. झिजलेल्या पिस्टनवर हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक ओळखायला येत नाही. डीबी ६०३ तेवढं वेगळं पडतं, १६२ मिमी.

तुमचं नशीब चांगलं की पिस्टनबरोबर रॉड आहे. पिस्टन जे सांगत नाही ते रॉड सांगतो. रेडियल इंजिनात एका ओळीला एकच मुख्य रॉड असतो आणि बाकीचे सगळे त्याला जोडलेले असतात. ब्रामोच्या नऊ सिलिंडरांत एक मुख्य आणि आठ जोडरॉड. बीएमडब्ल्यू ८०१ मध्ये सात सिलिंडरच्या दोन ओळी, म्हणून प्रत्येक ओळीत एक आणि सहा. या जोडरॉडच्या दोन्ही टोकांना बंद गोल डोळे असतात, कुठेही बोल्टने उघडणारं झाकण नाही. तुमच्या रॉडचं खालचं टोक असं बंद असेल तर ‘१०९ चा पिस्टन’ हा दावा तिथेच संपला. तो बहुधा रेडियलचा आहे. डीबीच्या व्ही-१२ मध्ये (सहा-सहा सिलिंडरच्या दोन ओळी, व्ही आकारात) समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे रॉड क्रँकशाफ्टच्या एकाच पिनवर बसतात. एक चिमट्यासारखा दुभागलेला, दुसरा त्याच्या मधल्या फटीत जाणारा. म्हणजे तुमच्याकडे या जोडीतला एक हवा. आणि ६०१ की ६०५ हे मोठ्या टोकाच्या आतल्या पृष्ठभागावरून ठरतं. ६०१ मध्ये तिथे रोलर बेअरिंग होतं, ६०५ मध्ये साधं बेअरिंग आलं. या बदलानंतर सुरुवातीच्या १०९ ‘जी’ प्रकारच्या विमानांना तेलाच्या आणि बेअरिंगच्या तक्रारींनी बराच त्रास दिला. रॉडच्या तोंडात बोट फिरवताना तुम्ही त्याच निर्णयाला हात लावत असता.

मग शिक्के. पिस्टनच्या आतल्या बाजूला, पिनच्या बुडाशी टॉर्च मारून बघा. ओतकामातली नावं तिथे सापडतात. माले म्हणजे इथलीच, स्टुटगार्टच्या बाड कानश्टाटची कंपनी. केएस म्हणजे नेकार्सउल्मची कार्ल श्मिट. त्या वेळच्या जर्मन हवाई मंत्रालयाने इंजिनांना क्रमांकांचे गट वाटून दिले होते. युंकर्सला दोनशेचे, ब्रामोला तीनशेचे, आर्गसला चारशेचे, हिर्तला पाचशेचे, डाइमलर-बेंझला सहाशेचे. पिस्टन इंजिनाच्या पूर्ण क्रमांकाआधी ९ येतो, जेट इंजिनाच्या आधी १०९. म्हणून ‘१०९-००४’ असं लिहिलेली पट्टी कोणी मेसरश्मिट १०९ ची म्हणून विकत असेल तर ती खरी असलीच तरी युमो ००४ जेट इंजिनाची आहे, म्हणजे मेसरश्मिट २६२ ची. भागाच्या नंबरात इंजिनाचा आकडा बऱ्याचदा येतो. युद्धाच्या काळात कारखान्याच्या नावाऐवजी तीन छोट्या अक्षरांचे संकेतही ठोकले जात; त्यांच्या याद्या छापलेल्या आहेत, त्या जवळ ठेवा.

इंजिनावरच्या नावाच्या पट्ट्यांबद्दल मात्र खूप जपून राहा. जुनी विमानं पुन्हा उभी करणाऱ्यांसाठी या पट्ट्यांच्या नकला अगदी प्रामाणिकपणे बनतात, आणि एक-दोन हात बदलले की अस्सल म्हणून विकल्या जातात. अस्सल पट्टीवर छापील मजकूर एकसारखा असतो, पण क्रमांक माणसाने नंबर पंचने ठोकलेला असतो. एखादा आकडा किंचित तिरका, एखादा खोल. मागच्या बाजूला ठोक्याचा उठाव दिसतो. सगळे आकडे एका रेषेत, एका खोलीचे असतील तर मी ती पट्टी घेत नाही.

आता तुमच्या शेवटच्या ओळीतल्या प्रश्नावर येतो, कारण त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मेटल डिटेक्टर घेऊन जंगलात जाऊ नका. जर्मनीत प्रत्येक राज्याचा स्मारक-संरक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे. इथे बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये ऐतिहासिक वस्तू शोधण्यासाठी संबंधित खात्याची परवानगी लागते. जमिनीच्या मालकाने ‘खुशाल खोदा’ म्हटलं तरी तेवढ्याने भागत नाही. ब्रिटनमध्ये तर १९८६ चा लष्करी अवशेष संरक्षण कायदाच आहे. तिथे कोसळलेल्या कोणत्याही लष्करी विमानाच्या जागेला, जर्मन असलं तरी, संरक्षण खात्याच्या परवान्याशिवाय हात लावता येत नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी दोन कारणं उरतात. पहिलं स्फोटकांचं. १०९ च्या नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांत २० मिमीची तोफ इंजिनामागे बसवलेली असायची आणि तिची नळी इंजिनाच्या व्हीमधून पुढे येऊन पंख्याच्या मधोमध उघडायची. म्हणजे ज्या खड्ड्यात तुम्ही पिस्टन शोधणार, त्याच खड्ड्यात उच्चस्फोटक गोळे असू शकतात आणि इतक्या वर्षांनी ते जास्तच बेभरवशाचे झालेले असतात. असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं, ११० ला फोन करायचा. दुसरं कारण त्या विमानातल्या माणसाचं. बेपत्ता म्हणून नोंद झालेले कित्येक वैमानिक अजून त्यांच्या इंजिनाशेजारीच जमिनीत आहेत. इथे फोल्क्सबुंड ही संस्था १९१९ पासून युद्धात पडलेल्यांच्या कबरींचं काम बघते. एखादी क्रमांकाची पट्टी, एखादा ठोकलेला नंबर यावरून विमान कळतं, विमानावरून माणूस कळतो, आणि घरच्यांना इतक्या वर्षांनी उत्तर मिळतं. कोणी चोरून खोदून ती पट्टी बाजारात विकली की तो धागा तुटतो आणि पुन्हा जोडता येत नाही. हाड, कापड, बूट, ओळखपट्टी, काहीही दिसलं तर तिथेच थांबून पोलिसांना कळवायचं. यात मी अजिबात तडजोड करत नाही, आणि अशा जागेवरून आलेला माल कितीही दुर्मीळ असला तरी माझ्या टेबलावर घेत नाही.

म्हणून त्या विक्रेत्याला शनिवारी जाऊन साधेपणाने विचारा: कोणत्या गावाजवळ, कोणत्या साली, कोणी काढला, परवानगी होती का, आणि हे बिलावर लिहून द्याल का? ज्याच्याकडे माल सरळ आलाय तो माणूस बोलायला लागतो. आजोबांचं कोठार, काकांचं वर्कशॉप, स्वीडनमधला लिलाव, असं काहीतरी ठोस सांगतो. ‘जंगलात मिळाला’ यापुढे जो सरकत नाही त्याच्याकडून घेऊ नका. बहुधा त्याने ती गोष्ट माल खपवायला रचलेली असेल आणि पिस्टन निरुपद्रवी असेल. पण तसं असेल तर त्याला लिहून द्यायला अडचण नसावी. ‘उगम माहीत नाही, जुन्या संग्रहातून खरेदी’ एवढं प्रामाणिक वाक्य बिलावर आलं तरी मला चालतं.

उगम म्हणजे फक्त शेवटचा विक्रेता नव्हे, तो भाग कोणी बनवला तेही त्यातच येतं. डीबी ६०५ चा विषय निघालाच आहे आणि तुम्ही स्टुटगार्टमध्ये राहता, म्हणून सांगतो. एखाद्या रविवारी नेकारच्या काठाने ओब्रिगहाइमला जा. बर्लिनजवळच्या गेन्सहागेनचा डाइमलर-बेंझचा इंजिन कारखाना बॉम्बहल्ल्यांमुळे १९४४ मध्ये तिथल्या जिप्समच्या खाणीत हलवला गेला. त्याचं सांकेतिक नाव ‘गोल्डफिश’ होतं. खाण तयार करायला नात्सवायलर छळछावणीच्या नेकारएल्त्स इथल्या उपछावणीतले कैदी जुंपले गेले. आज नेकारएल्त्सला स्मारक आहे आणि खाणीच्या परिसरातून माहितीफलकांची पायवाट जाते. बीएमडब्ल्यू ८०१ बनवणाऱ्या म्युनिकजवळच्या आलाखच्या कारखान्यातही डाखाऊचे कैदी होते. नॉर्डहाउझेनच्या बोगद्यांत, जिथे व्ही-२ क्षेपणास्त्रं बनत होती, तिथेच एका भागात युंकर्सची इंजिनं बनत होती. १९४४ नंतरच्या कोणत्याही भागाला ही पार्श्वभूमी असू शकते. माझ्याकडच्या नोंदवहीत प्रत्येक भागासमोर कारखाना आणि साल शक्य तितकं लिहिलेलं असतं ते यासाठी. शेल्फवर ठेवताना तुम्हीही लिहा. पाहुणे ‘कुठल्या विमानाचा’ एवढंच विचारतात, तेव्हा बाकीचंही सांगता येतं.

साफसफाईचं उत्तर पुन्हा उगमावर अवलंबून आहे. कोठारातला माल असेल तर जवळजवळ काहीच करायचं नसतं. मऊ कापड, थोडं पांढरं स्पिरिट, कोरडं पुसणं आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हलका हात. जुना काळा रंग, शाईचे शिक्के, तपासनिसाच्या खुणा हे सगळं तसंच ठेवा. सँडब्लास्टिंग, वायर ब्रश, अ‍ॅसिड यांच्या वाटेला जाऊ नका. जमिनीतला माल असेल तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग लाकडी काडी आणि मऊ ब्रशने माती काढणं, डिस्टिल्ड पाण्याने धुणं आणि सावकाश पूर्ण वाळवणं. समुद्रातला असेल तर घरी काहीच करू नका. धातूच्या आत शिरलेले क्षार बाहेर काढायला महिनोन् महिने लागतात. २०१३ मध्ये इंग्लिश खाडीतल्या गुडविन सँड्सवरून डॉर्निए डीओ १७ वर काढलं, तेव्हा कॉसफर्डच्या आरएएफ संग्रहालयात मोठाल्या प्लास्टिकच्या बोगद्यांत ठेवून त्याच्यावर सौम्य सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी दीर्घकाळ फवारत राहावं लागलं. गोड्या, थंड पाण्यातल्या मालाची गोष्ट वेगळी. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेत नार्विकजवळच्या गोठलेल्या तळ्यावर उतरलेली युंकर्स ५२ विमानं बर्फ वितळल्यावर बुडाली. त्यातलं वर काढलेलं एक आज डेसाऊच्या ह्युगो युंकर्स संग्रहालयात उभं आहे.

पिस्टनच्या डोक्यावरची काळी काजळी कोरडी खरवडू नका. त्या काळच्या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग असायचं, आणि शिसं त्या काजळीत उतरलेलं असतं. हातमोजे घाला, ओलं करून पुसा, ते कापड घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नका. बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो, जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पुढेमागे विमानाच्या उपकरणांचे डायल घेतलेत तर काट्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काच कधीच उघडायची नाही.

पण सगळ्यात जास्त जपायचं ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हला. डीबी ६०१, ६०५ आणि बीएमडब्ल्यू ८०१ यांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ असतात आणि त्या पोकळीत सोडियम भरलेला असतो. सोडियम ९८ अंशांना वितळतो. इंजिन चालू असताना तो आत वरखाली हिंदकळतो आणि व्हॉल्व्हच्या तापलेल्या डोक्यातली उष्णता दांड्याकडे नेऊन सोडतो. कल्पना फार देखणी आहे, आणि ती बघायची म्हणून लोक व्हॉल्व्ह कापतात. तोच सोडियम ओलाव्याला लागला की हायड्रोजन सुटतो, पेट घेतो, आणि उरतो तो कॉस्टिक सोडा. बारीक दांड्याच्या साध्या व्हॉल्व्हसारखा हा दिसत नाही. दांडा चांगलाच जाड असतो. असा व्हॉल्व्ह कापायचा नाही, ड्रिल मारायचा नाही, तापवायचा नाही आणि ‘टेबललॅम्प करतो’ म्हणून कोणाच्या हातातही द्यायचा नाही. तडा दिसला तर कोरड्या डब्यात ठेवून जाणकाराकडे न्या.

काही केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात. हातात घेतल्यावर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बरीच हलकी लागतात, वजन साधारण दोन तृतीयांश. ती ग्राइंडरला लावू नका. त्याचा कीस पेटला तर पाण्याने आग वाढते. कोरडी वाळूच लागते.

किमतीचं नेमकं उत्तर मी फोटोशिवाय देणार नाही. शिक्के शाबूत, मोठ्या टोकाची ओळख पटलेली आणि लेखी उगम असेल तर १८० युरो मला जास्त वाटत नाहीत. बफिंग होऊन खुणा गेल्या असतील तर ती एक शोभेची वस्तू आहे, आणि तेवढेच पैसे द्या. आणि तुमची सुरुवातच आहे तर माझा खरा सल्ला वेगळा आहे: १०९ च्या मागे लागू नका. त्या नावामुळे किमती फुगतात आणि बनावट मालही तिथेच येतो. तुम्ही राहता त्या शहरातल्या त्सुफेनहाउझेनमध्ये हिर्तचा कारखाना होता. त्यांची चार सिलिंडरची उलटी, हवेने थंड होणारी इंजिनं ब्युकर युंगमानसारख्या प्रशिक्षण विमानांत बसायची. तुकड्यांनी जोडलेला क्रँकशाफ्ट आणि ते तुकडे एकमेकांत बसवणारे टोकांवरचे त्रिकोणी दाते ही हिर्तची खास ओळख. तशी जोडणी आजही टर्बाइनमध्ये आणि मशीन टूल्समध्ये वापरली जाते. हिर्तचे, किंवा फीझेलर श्टॉर्खमधल्या आर्गस १० चे भाग बऱ्याचदा फ्लाइंग क्लबांकडून, वर्कशॉपमधून येतात. इतिहास सांगणारा माणूस समोर असतो, किंमत परवडते, आणि इंजिनिअरला बघायला त्यात भरपूर असतं.

एक गोष्ट ओघात सांगतो. इंधन पंप, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारा भाग), बीएमडब्ल्यू ८०१ चं कमांडोगेरेट (इंजिनाचं नियंत्रण आपोआप सांभाळणारं यंत्र) असे पूर्ण जोड हाती लागले तर ते शेल्फवर ठेवण्याआधी एखाद्या संग्रहालयाला किंवा विमान उभं करणाऱ्या गटाला विचारा. १९८९ मध्ये लेनिनग्राडजवळच्या जंगलात सापडलेलं फोके-वुल्फ १९० पुढे मूळच्याच बीएमडब्ल्यू इंजिनावर उडवलं गेलं. अशी कामं एखाद्या छोट्या भागापायी अडून राहतात.

राहिलं पुण्याला नेणं. एक पिस्टन चेक-इन सामानात नेता येतो, पण पूर्ण कोरडा आणि तेल-पेट्रोलच्या वासाशिवाय हवा. इंधनाचे अंश असलेला इंजिनाचा भाग विमान कंपन्या नाकारतात. हातसामानात ठेवू नका, सुरक्षा तपासणीत तो जड बोथट वस्तू म्हणून अडकेल. बिल बरोबर ठेवा, त्यावर ‘संग्रहासाठी जुना पिस्टन, वापरायोग्य नाही’ असं लिहून घ्या आणि उतरल्यावर स्वतःहून कस्टम्सला दाखवा. वजन किंवा नग जास्त असतील आणि कुरियरने किंवा कंटेनरमधून पाठवायचे असतील तर गोष्ट बदलते. भारतात वापरलेल्या वस्तूंची आयात सर्वसाधारणपणे निर्बंधित आहे आणि परवाना लागू शकतो. शुल्क वाचवायला ‘भंगार’ असं तर अजिबात लिहू नका. धातूच्या भंगाराला पाठवण्याआधीच्या तपासणीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि माल बंदरात अडकून पडतो. आधी कस्टम्स एजंटशी बोला.

शनिवारी गेलात तर परवानगी घेऊन चार फोटो काढा: रॉडचं मोठं टोक समोरून, पिस्टनच्या आतली बाजू टॉर्चच्या उजेडात, रिंगच्या खाचांचा तळ जवळून, आणि व्हर्नियर लावलेला खालचा व्यास आकडा दिसेल असा. ते पाठवलेत की इंजिन कोणतं हे नक्की सांगतो.